रिकाम्या ताटातला वाटा

वसईला आमच्या घराला लागूनच एका ख्रिस्ती कुटुंबाची वाडी होती. केळीची बाग, थोडी पानवेल, कडेला भाजीचे वाफे आणि मधोमध बावखल. त्या घरच्या बाईंना आम्ही मुले मावशी म्हणत असू. माझी आई आणि मावशी यांची मैत्री कुंपणावरची. दुपारची भांडी उरकली की एकीने अलीकडे आणि दुसरीने पलीकडे उभे राहायचे आणि तासभर बोलायचे. विषय ठरलेले. मुलांचे अभ्यास, भाजीचा भाव, पाण्याची ओरड आणि उपासतापास.

आईची एकादशी कधी चुकली नाही. आम्हा मुलांच्या दृष्टीने ती पर्वणीच असे. साबुदाण्याची खिचडी, वऱ्याचे तांदूळ, दाण्याची आमटी, रताळ्याचा कीस. ‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ ही म्हण आमच्याच घरावरून पडली असावी, असे वडील म्हणायचे. त्यामुळे फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास एका बुधवारी मावशी कपाळाला राख लावून चर्चमधून परतल्या आणि ‘आजपासून आमचा उपासाचा काळ’ असे म्हणाल्या, तेव्हा मी मोठ्या आशेने विचारले, ‘‘मावशी, तुमच्या उपासाला काय काय चालतं?’’

मावशी हसल्या. म्हणाल्या, ‘‘चालतं सगळंच रे. आपण चालवायचं नाही, म्हणून तो उपास.’’

त्या उत्तराचा अर्थ कळायला मला पुढची बरीच वर्षे लागली. तो पूर्णपणे कळला आहे असा आजही दावा नाही. पण उपवास ही गोष्ट आपल्या घरोघरी इतकी अंगवळणी पडलेली आहे, की शेजारच्या घरी ती कशी आणि कशासाठी केली जाते हे एकदा नीट पाहावे, म्हणजे आपल्याही ताटाकडे नव्याने पाहता येईल, असे मला वाटते. त्यासाठीच हा लेखनप्रपंच.

एकाच आठवड्यातले तीन उपास

२०२५ साली एक मोठी लोभस गोष्ट घडली. २६ फेब्रुवारीला महाशिवरात्र झाली. २ मार्चला आपल्याकडे रमझानचा पहिला रोजा झाला आणि ५ मार्चला ख्रिस्ती लोकांचा राखेचा बुधवार आला. अवघ्या आठ दिवसांत या देशातले तीन मोठे समाज आपापल्या परीने अन्नापासून दूर झाले. कोणाला कोणाचे निमंत्रण नव्हते, कोणी ठरवून केले नव्हते. माणसाला देवाकडे जाताना पोट थोडे रिकामे ठेवावेसे वाटते, ही ओढ मुळात फार जुनी आणि फार व्यापक आहे, एवढे त्यावरून दिसते.

संस्कृतातल्या ‘उपवास’ या शब्दाचा अर्थच जवळ राहणे. कोणाच्या जवळ, हे सांगण्याची गरज जुन्या माणसांना वाटली नाही. ख्रिस्ती धर्माने या जवळिकीला आणखी एक माणूस जोडला आहे, तो म्हणजे उपाशी शेजारी. प्रार्थना, उपवास आणि दानधर्म ही तिथली त्रिपुटी आहे. प्रार्थनेने माणूस देवाजवळ जातो, दानाने शेजाऱ्याजवळ जातो आणि उपवास या दोहोंसाठी घरात जागा करून देतो. तीन पायांच्या तिवईचा एक पाय काढला की ती उभी राहत नाही. नुसता उपवास उरला तर तो पथ्य होतो, एवढेच.

ख्रिस्ती धर्माला उपवास वारशाने मिळाला तो यहुदी परंपरेतून. सीनाय पर्वतावर चाळीस दिवस अन्नपाण्यावाचून राहिलेला मोशे, होरेब पर्वतापर्यंत चाळीस दिवस चालत गेलेला एलिया, योनाचा इशारा ऐकून राजापासून गुराढोरांपर्यंत उपाशी राहिलेले निनवे शहर, या कथा येशूच्या पिढीला पाठ होत्या. पण त्याच परंपरेत उपवासावर अतिशय परखड टीकाही आहे. यशया संदेष्ट्याच्या ग्रंथातला अठ्ठावन्नावा अध्याय ज्यांनी वाचला असेल त्यांना ती आठवेल. लोक तक्रार करतात, की आम्ही उपास केले आणि देवाचे लक्षच नाही. त्यावर उत्तर येते ते असे, की तुम्ही उपास करता त्याच दिवशी मजुरांना राबवून घेता, भांडणतंटे करता. देवाला हवा असलेला उपवास वेगळाच आहे. अन्यायाने बांधलेल्याला सोडवणे, भुकेल्याला आपल्या भाकरीतला वाटा देणे, उघड्याला वस्त्र देणे. येशूच्या जन्मापूर्वी काही शतके लिहिलेला हा मजकूर आजही उपवासकाळात चर्चमधून वाचला जातो आणि आजही तो ऐकणाऱ्याला अस्वस्थ करतो.

तोंड धुवा, तेल लावा

येशूने स्वतः उपवास केला. बाप्तिस्मा झाल्यावर आणि लोकांत काम सुरू करण्यापूर्वी तो चाळीस दिवस अरण्यात राहिला. शुभवर्तमानातली ती कथा नीट पाहिली तर एक गोष्ट लक्षात येते. सैतान येतो तो येशूला भूक लागल्यावर. तो काही वाईट खायला सांगत नाही. दगडांच्या भाकरी कर, एवढेच म्हणतो. भुकेल्याने भाकर मागावी यात पाप ते काय? पण येशू नकार देतो. आपल्या हाती असलेली शक्ती आधी आपल्याच पोटासाठी वापरायची नाही, हा त्या उपवासाचा अर्थ. पुढे हाच येशू हजारो भुकेल्या लोकांना भाकरी वाटताना दिसतो. स्वतःसाठी जे करायचे नाकारले ते इतरांसाठी केले. ख्रिस्ती उपवासाचा सगळा आशय मला या दोन प्रसंगांच्या मधल्या अंतरात साठवलेला दिसतो.

त्याने उपवासाचे नियम घालून दिले नाहीत. किती दिवस, काय खायचे, काय वर्ज्य, याची यादी त्याच्या शिकवणीत सापडत नाही. सांगितले ते एवढेच, की उपवास करताना चेहरा सुतकी करून हिंडू नका, डोक्याला तेल लावा, तोंड धुवा, कोणाला कळू देऊ नका, ज्याला कळायचे त्याला कळेल. आठवड्यातून दोनदा उपवास करतो असे देवापुढे मोजून सांगणारा परूशी आणि मान खाली घालून दूर उभा राहिलेला जकातदार यांच्या दृष्टांतात तर त्याने उपवास न मोजणाऱ्यालाच पसंती दिली आहे.

यातली गंमत पाहा. राखेच्या बुधवारी कॅथलिक चर्चमध्ये जे शुभवर्तमान वाचले जाते ते नेमके हेच, उपवास लपवून करा असे सांगणारे. आणि ते वाचून झाल्यावर धर्मगुरू प्रत्येकाच्या कपाळाला राख लावतात, जी दिवसभर गावाला दिसते! ही विसंगती मी एकदा मावशींना दाखवून दिली. शिंग फुटण्याचे वय होते ते. मावशी शांतपणे म्हणाल्या, ‘‘उपास लपवायचा असतो. राख लपवायची नसते. आपण माती आहोत हे लोकांना ठाऊकच आहे, आपल्यालाच तेवढा विसर पडतो.’’

ही राख येते कुठून तेही सांगण्यासारखे आहे. ईस्टरच्या आदल्या रविवारी, म्हणजे झावळ्यांच्या रविवारी, येशूच्या यरुशलेम-प्रवेशाची आठवण म्हणून आशीर्वादित झावळ्या घरी नेतात. वर्षभर त्या देव्हाऱ्यातल्या क्रुसामागे खोचलेल्या असतात. पुढल्या वर्षी त्याच सुकलेल्या झावळ्या जाळून राख करतात. मिरवणुकीचा जयजयकार वर्षभरात राख होतो. यावर वेगळे प्रवचन करायची गरज नाही.

चाळिसाचा हिशेब आणि पळवाटा

राखेच्या बुधवारपासून ईस्टरच्या आदल्या दिवसापर्यंत मोजले तर दिवस भरतात शेहेचाळीस. मग चाळीस कसे? मधले सहा रविवार वगळायचे. रविवार हा येशूच्या पुनरुत्थानाचा दिवस, त्या दिवशी उपवास नाही. लग्नघरी नवरदेव हजर असताना वऱ्हाडी उपाशी राहतात का, असे येशूनेच विचारले होते. ख्रिस्ती उपवासाला असा मेजवानीचा शेवट कायम बांधलेला असतो. उपवास कायमचा नाही, अन्न अपवित्र नाही, देह शत्रू नाही. सणाची वाट पाहणे म्हणजे उपवास. कॅथलिक घरांत या काळात लग्ने टाळतात, वाजंत्री थांबतात, चर्चमध्ये जांभळ्या रंगाची वस्त्रे दिसतात आणि दर शुक्रवारी क्रुसाच्या वाटेची प्रार्थना होते. गोव्यात याला करेझ्म म्हणतात. त्याच्या आधीचे चार दिवस इंत्रूज, म्हणजे कार्निव्हलचा धुमाकूळ. आधी नाच, मग राख, मग क्रूस आणि शेवटी पुनरुत्थान.

आरंभीच्या ख्रिस्ती लोकांचा उपवास बुधवार-शुक्रवारचा होता, असे ‘दिदाखे’ या अगदी जुन्या पुस्तिकेवरून दिसते. ३२५ साली भरलेल्या निकीयाच्या धर्मसभेच्या नियमांत ईस्टरपूर्वीच्या ‘चाळिशी’चा उल्लेख आहे. पुढे युरोपात नियम कडक होत गेले. दिवसातून एकच जेवण, तेही उशिरा. मांस नाही, दूध नाही, लोणी नाही, अंडी नाहीत. आणि नियम आले की त्यांच्या पाठोपाठ पळवाटा आल्याच. फ्रान्समधल्या रुआँ शहराच्या कॅथेड्रलला एक मनोरा आहे. त्याला लोक ‘लोण्याचा मनोरा’ म्हणतात. उपवासकाळात लोणी खाण्याची सवलत मिळावी म्हणून श्रीमंतांनी जे पैसे भरले त्यांतून तो उभा राहिला, अशी त्या नावामागची हकीकत. आमच्या साबुदाण्याच्या खिचडीला फार मोठ्या घरचा सोबती आहे म्हणायचा!

या व्यवहारावर मार्टिन लूथरने १५२० साली कोरडे ओढले. दोन वर्षांनी स्वित्झर्लंडमधल्या झुरिचला त्याहून मजेदार प्रकरण घडले. फ्रोशाउअर नावाच्या मुद्रकाच्या छापखान्यात कामाची घाई होती. उपवासकाळ असूनही कामगारांनी तिथे सॉसेज खाल्ले. धर्मोपदेशक झ्विंग्ली हजर होते. त्यांनी स्वतः खाल्ले नाही, पण खाणाऱ्यांची बाजू घेऊन प्रवचन केले. ख्रिस्ती माणूस उपवास करायला मोकळा आहे आणि न करायलाही, असा त्याचा मथितार्थ. झुरिचमधल्या धर्मसुधारणेची ठिणगी पडली ती या मांसाच्या तुकड्यावरून. प्रॉटेस्टंट पंथांनी उपवास टाकला असे सर्रास म्हटले जाते, ते मात्र पूर्ण खरे नाही. त्यांनी टाकली ती सक्ती आणि उपवासाने पुण्य जमा होते ही कल्पना. मेथडिस्ट चळवळीचे प्रवर्तक जॉन वेस्ली बुधवार-शुक्रवारचा जुना उपवास पाळत आणि आपल्या अनुयायांकडून त्याची अपेक्षा करत. आजही प्रॉटेस्टंट मंडळींत एखादे संकट आले, मोठा निर्णय घ्यायचा असला, की उपवास-प्रार्थनेचा दिवस ठरतो.

कॅथलिकांचे नियम मात्र सैल होत होत आज फार थोडे उरले आहेत. पूर्वी ख्रिस्तप्रसाद घ्यायचा तर मध्यरात्रीपासून पाण्याचा थेंबही चालत नसे. १९५७ पर्यंत हे अंतर तीन तासांवर आणि १९६४ साली एका तासावर आले. १९६६ साली पोप सहावे पॉल यांनी उपवासाचे सारे नियम नव्याने मांडले. आता बंधनकारक उपवासाचे दिवस दोनच, राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे. त्या दिवशी एकच पूर्ण जेवण, शिवाय सकाळ-संध्याकाळ थोडेसे काही. अठरा वर्षे पूर्ण झालेल्यांपासून साठावे वर्ष लागेपर्यंत हा नियम लागू. शुक्रवारचा मांसत्याग चौदा वर्षांपासून पुढे, पण त्याऐवजी दुसरे काही करण्याची मुभा त्या त्या देशातल्या धर्माध्यक्षांना देता येते. आजारी माणूस, गर्भवती, अंगावर पाजणारी आई यांना सक्ती नाही.

पूर्वेकडच्या चर्चने मात्र जुने वळण सोडलेले नाही. इथिओपियाच्या ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये वर्षातले एकशेऐंशीहून अधिक दिवस उपवासाचे असतात. मांस, दूध, अंडी वर्ज्य. त्यामुळे डाळी आणि पिठाच्या कालवणांची एक आख्खी पाकसंस्कृती तिथे घडली आहे. आपल्या केरळमधले सीरियन ख्रिस्ती ईस्टरपूर्वी पन्नास दिवसांचा आणि नाताळपूर्वी पंचवीस दिवसांचा उपवास पाळतात. त्याखेरीज निनवेच्या आठवणीचा तीन दिवसांचा उपवास आहेच. गुड फ्रायडेला तिथल्या चर्चच्या आवारात सर्वांना पेज आणि कडधान्याची उसळ वाढतात. श्रीमंताला आणि गरिबाला एकाच पातेल्यातून.

पापलेटचा प्रश्न

इथे एक अडचणीचा प्रश्न मला विचारायचा आहे. शुक्रवारी मांस वर्ज्य, पण मासळी चालते. थंड प्रदेशात, समुद्रापासून दूर राहणाऱ्या युरोपातल्या शेतकऱ्याला मांस म्हणजे चैन होती आणि खारवलेला मासा म्हणजे कसेबसे घशाखाली घालायचे अन्न. तिथे तो त्याग होता. पण वसईत? गोव्यात? मुंबईच्या कोळीवाड्यात? मटणाऐवजी भरले पापलेट खाणे याला त्याग म्हणायचे, तर मग आमच्या एकादशीलाही घोर तपश्चर्याच म्हणावे लागेल! १९६२ साली अमेरिकेतल्या सिनसिनाटी शहरात एका दुकानदाराने शुक्रवारी हॅम्बर्गर खपत नाहीत म्हणून माशाचे सँडविच काढले. ते मॅकडोनाल्ड्सच्या दुकानांतून जगभर गेले. उपवासातून व्यापार निघाला, भूक मात्र निघून गेली.

म्हणून माझे मत असे आहे, की उपवासाचे मोल ताटात काय नाही यावरून ठरवू नये. ताटात जे नाही ते गेले कुठे, यावरून ठरवावे.

हे मत माझ्या पदरचे नाही. ख्रिस्ती परंपरेतलाच हा सर्वांत जुना धागा आहे. दुसऱ्या शतकात अरिस्टायडीस नावाच्या तत्त्वज्ञाने रोमन सम्राटापुढे ख्रिस्ती लोकांची बाजू मांडली. त्यात तो सांगतो, की या लोकांत कोणी गरीब असला आणि यांच्याजवळ द्यायला जास्तीचे काही नसले, तर हे दोनतीन दिवस स्वतः उपाशी राहतात आणि त्याच्या अन्नाची सोय करतात. त्याच शतकातल्या ‘हर्मासचा मेंढपाळ’ या ग्रंथात तर हिशेबच सांगितला आहे. उपवासाच्या दिवशी जे जेवला असता त्याची किंमत काढा आणि तेवढी रक्कम विधवेला, अनाथाला, गरजवंताला द्या. उपवास करणाऱ्याचे पोट रिकामे आणि दुसऱ्याचे भरलेले, अशी ती साधी वजाबाकी-बेरीज आहे.

ती नुसती पुस्तकात राहिली असेही नाही. मिझोराममधल्या प्रेस्बिटेरियन मंडळीतल्या स्त्रिया १९१० पासून एक रीत पाळत आल्या आहेत. स्वयंपाकासाठी तांदूळ मोजून घेतले की त्यांतले मूठभर वेगळे काढायचे. मूठमूठ जमलेले ते तांदूळ चर्चच्या कामासाठी जातात. याला उपवास म्हणत नाहीत, पण रोजच्या ताटातला वाटा बाजूला काढण्याचे शिक्षण याहून चांगले कोणते? जर्मनीतल्या कॅथलिक धर्माध्यक्षांनी १९५८ साली ‘मिझेरिओर’ ही संस्था काढली. उपवासकाळात तिथले लोक जे वाचवतात ते ती जगभरच्या गरीब देशांतल्या कामांसाठी पाठवते. त्या देशात एक जुनी प्रथा होती. उपवासकाळात वेदीसमोर मोठा कापडी पडदा टांगायचा, म्हणजे सहा आठवडे वेदीचे दर्शन नाही. हा डोळ्यांचा उपवास. मिझेरिओरने १९७६ साली ही प्रथा नव्या रूपात सुरू केली. पडद्यावर गरीब जगातल्या चित्रकारांनी चित्रे काढायची असे ठरले आणि पहिला पडदा रंगवला तो भारतातल्या ज्योती साही यांनी, ज्यांचा जन्म आपल्या पुण्यातला. डोळे झाकण्यासाठी टांगलेला पडदाच डोळे उघडणारा झाला.

उपवास आणि उपोषण

दोन धोक्यांबद्दलही बोलले पाहिजे. पहिला धोका अतिरेकाचा. चौदाव्या शतकातल्या सिएनाच्या संत कॅथरीन जवळजवळ अन्नावाचून राहत. त्यांचे आध्यात्मिक मार्गदर्शक त्यांना खाण्याचा आग्रह करत, पण अन्न त्यांना सोसत नसे. १३८० साली, वयाच्या तेहतिसाव्या वर्षी त्या वारल्या. त्यांची थोरवी वादातीत आहे, पण त्यांच्या ताटाचे अनुकरण कोणी करू नये. आपल्या घरांत तर हे विशेष जपून सांगायला हवे. सर्वांत शेवटी आणि उरलेले जेवणारी बाई, मग ती कोणत्याही धर्माची असो, वर्षभर अर्धपोटी असते. तिला आणखी उपवास कसला सांगायचा? अशा घरात खरा उपवास इतरांनी करावा, म्हणजे तिच्या आधी जेवायला बसू नये.

याबाबतीत इजिप्तच्या वाळवंटातले जुने तपस्वी फार शहाणे होते. जॉन कॅसियन त्यांच्याकडे राहून आला होता. त्याने लिहून ठेवले आहे, की पाहुणा आला की ते तपस्वी आपला उपवास मोडत आणि त्याच्याबरोबर जेवत. उपवास उद्याही करता येईल, पण पाहुण्याच्या रूपाने ख्रिस्त आज दारात आला आहे, अशी त्यांची भूमिका होती. ‘अतिथी देवो भव’ म्हणणाऱ्या आपल्यासारख्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको.

दुसरा धोका दडपणाचा. मराठीत आपण ‘उपवास’ आणि ‘उपोषण’ असा व्यवहारात फरक करतो, तो मला फार मोलाचा वाटतो. उपवास देवासाठी, उपोषण सरकारसाठी! गांधीजींनी १९३२ च्या सप्टेंबरात येरवड्याच्या तुरुंगात केलेल्या उपोषणाला ते आत्मशुद्धी म्हणत. पण त्याचे सारे वजन डॉ. आंबेडकरांवर येऊन पडले, हेही महाराष्ट्र विसरलेला नाही. आपली भूक दुसऱ्याच्या मानेवर ठेवायची का, हा अवघड प्रश्न आहे. १९६८ साली कॅलिफोर्नियातल्या शेतमजुरांचे नेते सीझर चावेझ यांच्यापुढे तो उभा राहिला. संप लांबला होता, मजुरांची तरुण मंडळी हिंसेची भाषा बोलू लागली होती. चावेझ कॅथलिक होते आणि गांधीजींना मानणारे होते. त्यांनी उपवास सुरू केला, पण तो मळेवाल्यांविरुद्ध नाही, असे स्पष्ट केले. आपल्याच माणसांच्या मनात हिंसा आली, त्याचे प्रायश्चित्त म्हणून तो होता. पंचवीस दिवसांनी, १० मार्चला, मिस्सा झाल्यावर रॉबर्ट केनेडी यांच्या शेजारी बसून त्यांनी भाकरीचा तुकडा खाल्ला. बोलण्याइतकेही त्राण त्यांच्यात नव्हते. उपवासाचे बोट आधी स्वतःकडे वळले पाहिजे, हे त्यांनी दाखवून दिले.

आजच्या काळाने तिसराच प्रकार आणला आहे. सोळा तास उपाशी राहा, आठ तासांत जेवा, वजन उतरेल, साखर आटोक्यात येईल. प्रकृतीसाठी कोणी हे करत असेल तर त्याला माझी हरकत नाही. पण त्यात सगळा हिशेब आपलाच असतो. आपले वजन, आपली कंबर, आपले फोटो. मोबाइलवर रोज टाकले जाणारे ते आकडे पाहिले की आठवड्यातून दोनदाचा हिशेब देणारा परूशी आठवतो. त्या बिचाऱ्याने निदान देवाला तरी सांगितले होते.

बावखलापलीकडे

मावशींकडे बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा होता. उपवासकाळात त्या शुक्रवारी मटण तर नाहीच, पण मासळीही घेत नसत आणि तिचे पैसे त्या डब्यात टाकत. पवित्र सप्ताहात तो डबा रिकामा होई. कोणाच्या घरी जाई ते त्यांनी आम्हाला कधी सांगितले नाही. आम्हाला ते पुष्कळ वर्षांनी, दुसऱ्याच एका घरातून कळले.

पण खरी गोष्ट पुढेच आहे. मावशींचे आणि त्यांच्या थोरल्या जावेचे बावखलाच्या पाण्यावरून भांडण झाले होते. वाडीची वाटणी झाली, बावखल मधोमध आले आणि पाण्याची पाळी कोणाची यावरून बोलणे तुटले. दोघी एकाच चर्चमध्ये, एकाच मिस्सेला, दोन टोकांच्या बाकांवर बसत. दोघीही उपवास करत. अशी बारातेरा वर्षे गेली.

मग मावशींना मधुमेह निघाला. डॉक्टरांनी सांगितले, उपाशी राहायचे नाही, वेळेवर खायचे. साठी उलटली होती, म्हणजे चर्चचाही नियम उरला नव्हता. त्या वर्षी राखेच्या बुधवारी मी सहज त्यांच्याकडे गेलो होतो. मावशी चहाबरोबर दोन बिस्किटे खात बसल्या होत्या आणि चेहरा अगदी उतरलेला. ‘‘आयुष्यात पहिल्यांदा आजच्या दिवशी सकाळी खातेय,’’ म्हणाल्या. ‘‘पोटाचा उपास देवाने काढून घेतला. आता माझ्याकडे सोडण्यासारखं काय उरलं?’’

मी काही बोललो नाही. बोलण्याइतका माझा अधिकारही नव्हता. पण त्यांना उत्तर ठाऊक असावे. पवित्र सप्ताहातल्या गुरुवारी, येशूने शिष्यांचे पाय धुतले तो दिवस, मावशी संध्याकाळच्या मिस्सेला निघाल्या आणि चर्चच्या रस्त्याला न लागता बावखलाला वळसा घालून जावेच्या दारात गेल्या. हे माझ्या आईने कुंपणावरून पाहिले. आत काय बोलणे झाले ते कोणालाच कळले नाही. थोड्या वेळाने दोघी बरोबर बाहेर पडल्या आणि चर्चकडे चालू लागल्या, एवढेच आईने सांगितले. पाण्याच्या पाळीचा प्रश्न पुढेही पुरता सुटला नाही. पण कुरकुर आता समोरासमोर व्हायची आणि ईस्टरला एका घरचे जेवण दुसऱ्या घरी जायचे.

आई त्या रात्री वडिलांना म्हणाली, ‘‘इतकी वर्षं दोघींनी उपास केले, पण मावशींचा उपास आज घडला.’’

आईच्या एकादशीला त्यानंतर एक फरक पडला, तो मला बऱ्याच दिवसांनी जाणवला. खिचडी तशीच होत असे. मात्र ती झाकून ठेवण्यापूर्वी आई एक वाटा डब्यात भरून बाजूला काढी. आमच्याकडे भांड्यांना येणाऱ्या बाई घरी निघाल्या की तो डबा त्यांच्या हातात जाई. तो कधीपासून आणि कशामुळे सुरू झाला, हे आईने आम्हाला सांगितले नाही आणि आम्हीही विचारले नाही.